पहिल्या रांगेत आई

संस्थेत तिला सगळे गोष्टवाली म्हणत. बारा वर्षांत या नावाची तिला इतकी सवय झाली होती की कोणी खऱ्या नावाने हाक मारली, तर बँकेतून फोन आलाय असंच तिला वाटायचं. कामच तसं होतं. कारखान्यातल्या मशीनच्या आवाजाने ज्यांचे कान गेले, अशा माणसांच्या गोष्टी गोळा करायच्या, त्या नीट बसवायच्या आणि ज्यांच्या हातात नियम करणं आहे त्यांच्यापुढे उभं राहून सांगायच्या. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं पाहिजे आणि ते सुकायच्या आत त्याच्यापुढे निवेदनाचा कागद सरकवता आला पाहिजे. यातलं दुसरं काम जास्त अवघड. डोळ्यांत पाणी काय, कांदा चिरतानाही येतं.

दर सहा महिन्यांनी नवी मुलं-मुली कामाला लागत आणि त्यांना शिकवायचं कामही तिच्याच गळ्यात पडे. फळ्यासमोर उभी राहून ती सांगायची, "एका दिवसाची गोष्ट सांगा, अख्ख्या आयुष्याची नको. तीन मिनिटांच्या वर गेलात की साहेब घड्याळ बघतात. आकडा सांगायचाच तर एकच. आणि तुम्ही रडू नका, ते काम समोरच्याचं आहे." मुलं हसायची. मग ती आवाज बदलून शेवटचा नियम सांगायची. ज्याची गोष्ट, त्याला आधी ती शब्दन्‌शब्द दाखवायची. तो 'हो' म्हणाला, त्याने सही केली, तरच ती गोष्ट दाराबाहेर न्यायची. हे ती इतक्या पोटतिडकीने सांगायची की मुलं वहीत त्याखाली दोन-दोन रेघा ओढायची. त्या रेघा पाहिल्या की तिला खाली बसावंसं वाटायचं, कारण तिने सांगितलेल्या सगळ्यात पहिल्या गोष्टीत हाच नियम मोडला होता. आणि ती गोष्ट ती अजून सांगत होती.

त्याचं असं झालं. एकोणीस वर्षांची असताना ती संस्थेच्या एका सभेत खुर्च्या मांडायला गेली होती. कॉलेजातून कोणी तरी पाठवलं म्हणून गेली, हौस वगैरे काही नव्हती. बोलणारा पाहुणा आलाच नाही. संस्था चालवणाऱ्या मॅडम माइकपाशी घामाघूम होऊन उभ्या. शेवटी त्यांनी सभेलाच विचारलं, "तुमच्यापैकी कोणाच्या घरात हे घडलंय का?" खुर्च्या मांडणारी ही पोरगी उठली आणि बोलायला लागली.

"मी नऊ वर्षांची होते, धाकटा भाऊ अडीच वर्षांचा. आई पत्र्याच्या डब्यांच्या कारखान्यात झाकणं ठोकायच्या मशीनवर होती. रोज नऊ तास. त्या दिवशी तिला सुट्टी होती. ती मागच्या बाजूला कपडे धूत होती. स्वयंपाकघरात पाण्याचं पातेलं तापत होतं. धाकटा स्टुलावर चढला आणि हाका मारायला लागला. पाच-सहा वेळा मारल्या. आईला ऐकू आलं नाही. मग पातेलं पडलं."

बस, एवढंच. त्याचा डावा हात कोपरात पूर्ण सरळ होत नाही, हे तिने शेवटी सांगितलं. मॅडमनी खाली उतरून तिला मिठी मारली. पुढच्या आठवड्यात नोकरी, त्यानंतर तिच्या नावाचं टेबल, आणि आता बारा वर्षांनी निवेदनाच्या पहिल्या पानावर तिचीच गोष्ट.

या गोष्टीत खोटं एक अक्षर नव्हतं. हॉस्पिटलात डॉक्टरांनी दरडावून विचारलं होतं, "एवढा ओरडत होता, ऐकू नाही आलं?" तेव्हा आईने कानावर हात ठेवून मान हलवली होती. तिने ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आईचे कान त्यानंतर खरोखरच गेले, एक आधी, दुसरा मागून, आता दोन्ही ठार. फक्त एक वाक्य गोष्टीत नव्हतं. ती स्वतः बाहेरच्या खोलीत होती. नकाशा रंगवत होती. समुद्राचा निळा रंग सुकायच्या आत सारखा पसरवायचा होता. धाकट्याच्या हाका तिला ऐकू येत होत्या, पहिलीपासून शेवटचीपर्यंत. आई आहे की, असं म्हणून ती उठली नाही.

हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. मॅडमना नाही, धाकट्याला नाही, आणि आईला तर नाहीच. सभागृहात त्या पहिल्या दिवशी ते वाक्य ओठांपर्यंत आलं होतं, पण समोर माणसं रडायला लागली आणि ती थांबली. या धंद्यात वाक्य गाळणाऱ्याला कारागीर म्हणतात. तिला बारा वर्षं त्याचीच शाबासकी मिळत होती.

सुटायचा प्रयत्न तिने केला नाही असं नाही. दुसऱ्या एका संस्थेत मुलाखतीला गेली. वस्त्यांना पाण्याचे नळ मिळवून देणारे लोक, कानांशी संबंध नाही, तिला हायसं वाटलं. मुलाखत घेणारे गृहस्थ तिचा अर्ज बाजूला ठेवून म्हणाले, "ती भावाची गोष्ट सांगता त्या तुम्हीच ना? आमच्या लोकांना एकदा सांगाल?" तिने सांगितली. घरी येताना नोकरीचं काय झालं हे विचारायचंही तिला सुचलं नाही. इतरांच्या गोष्टी तिने जीव ओतून बसवल्या, वेल्डरची, छापखान्यातल्या दोघी बहिणींची, पण शेवटी प्रश्नोत्तरांत कोणी तरी हात वर करून म्हणणारच, "ताई, तुमची ती...?" धाकटा तिला चिडवायचा. "माझ्या एका हातावर तुझी अख्खी नोकरी उभी आहे, वाढदिवसाला काही तरी बरं आण." तो हसायचा आणि ती त्याच्याकडे न बघता भांडी विसळत राहायची. त्याला त्या दिवसातलं काही आठवत नव्हतं.

आईला ही गोष्ट माहीतच नव्हती. लेक आपल्यासारख्यांसाठी बोलते, लोक तिला मानतात, एवढं तिला ठाऊक होतं. सहीचा कागद गोष्टवालीने भाजी निवडता निवडता पुढे केला होता. "ऑफिसचा आहे, इथे सही कर." आईने चष्माही लावला नाही. सभेला येते म्हणाली की गोष्टवालीचं ठरलेलं उत्तर असे. लांब आहे, गर्दी आहे, तुला तिथे काय कळणार? हे शेवटचं बोलताना तिला स्वतःची लाज वाटायची, पण बोलायची. आणि घराजवळ सभा असली की नेमकी वेल्डरची गोष्ट निघायची.

हे असंच चाललं असतं. पण मागच्या महिन्यातल्या सभेत पहिल्या रांगेतल्या प्रेसवाल्या मावशी मध्येच उभ्या राहिल्या. कपड्यांच्या प्रेसवाल्या नव्हेत. वीस वर्षं पत्रा ठोकायच्या प्रेसवर काम केलेल्या, आणि गेली आठ वर्षं एक शब्दही न ऐकलेल्या. पहिली रांग नेहमी अशा बायकांचीच असे. फोटोत बरी दिसते.

"शेजारणीचे हात हलले की मी हात हलवते," मावशी म्हणाल्या. "किती वर्षं टाळ्या वाजवतेय. कशाबद्दल वाजवते, ते आज तरी सांगा!"

झालं. कान गेलेल्यांसाठी भांडणारी संस्था, भिंतीवर पुरस्कार लटकलेले, आणि ज्यांच्यासाठी भांडायचं त्यांना काय चाललंय ते कळावं, हे बारा वर्षांत एकाही शहाण्याच्या डोक्यात आलं नव्हतं. गोष्टवालीच्याही नाही. तिच्या तर सोयीचंच होतं ते. मॅडम शरमेने लाल झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी कामाला लागल्या. व्यासपीठामागे मोठा पडदा. टायपिस्ट ठेवायची, बोललेला प्रत्येक शब्द त्याच क्षणी पडद्यावर. पुढची सभा म्हणजे सगळ्यांत मोठी. नियम करणारी समिती स्वतः यायची होती. दर वर्षी कानांची तपासणी, आणि चार तासांवर कोणाला मशीनवर ठेवायचं नाही, एवढी मागणी. समितीने शिफारस केली की नियम झालाच.

"आणि तुझी आई पहिल्या रांगेत," मॅडम म्हणाल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "स्वतःची गोष्ट त्या पहिल्यांदा वाचणार. केवढा क्षण आहे, अगं!"

गोष्टवाली म्हणाली, "मॅडम, या वेळी वेल्डरची घेऊ या का?"

"वेड लागलंय का तुला? समितीच्या फाइलमध्ये पहिल्या पानावर तुझी आहे. ऐन वेळी बदलली तर म्हणतील, काही तरी भानगड आहे." मग त्यांनी खण उघडून बढतीचं पत्र तिला लांबूनच दाखवलं. "लोकसंवाद विभागाची प्रमुख. सभा झाली की सही करते. आईची संमती आहे ना आपल्याकडे?"

"आहे," ती म्हणाली. फाइलमध्ये खरंच होती.

घरी पोचली तर आमंत्रण तिच्या आधी पोचलेलं. आईने ठेवणीतले कपडे काढून इस्त्रीला घातले होते. "तुझं बोलणं मी वाचणार म्हणे!" आई गरजली. आई साधं बोलली तरी वरच्या मजल्यावर कळायचं. "जगाला बारा वर्षं गोष्टी सांगतेस. घरात तर तुझ्या तोंडाला कुलूप!" गोष्टवाली समोर आली, म्हणजे ओठ दिसतील, आणि म्हणाली, "गर्दी असते गं तिथे." आईने ओठ वाचले आणि म्हणाली, "असू दे. मला कुठे आवाजाचा त्रास होणार आहे?" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच पोटभर हसली.

पुढचे आठ दिवस तिच्या डोक्यात एकच चालू होतं. पडद्यावर 'आईला ऐकू आलं नाही' असं उमटणार आणि आई ते वाचणार. भर सभेत, फोटोवाल्यासमोर. मुलाचा हात आईच्या कानांमुळे गेला, हे लेक गावभर सांगत फिरली. आणि स्वतः मात्र पलीकडच्या खोलीत बसून सगळं ऐकत होती. यातलं अर्धं आईला आता कळणार होतं. उरलेलं अर्धं आपण नाही सांगितलं तर आपण माणूस कसल्या, असं तिला वाटायला लागलं. टायपिस्टला तिने हळूच विचारून पाहिलं, "घाईत एखादं वाक्य सुटतं का गं?" टायपिस्ट म्हणाली, "ताई, जे कानावर येतं ते बोटांतून जातं. माझं डोकं त्यात नसतं." म्हणजे तोही दरवाजा बंद.

शेवटी तिने ठरवलं, वाक्य घालायचं. मला ऐकू आलं होतं. चार शब्द. सभेच्या सकाळी संस्थेच्या बाथरूममध्ये नळ सोडून तिने ते आरशासमोर सात-आठ वेळा म्हटलं. मागणीचं काय होईल, पत्राचं काय होईल, बघू. आधी आईशी खरं बोलायचं.

सभागृह खच्चून भरलं होतं. समितीतले तिघे डाव्या बाजूला, मधोमध डॉक्टरबाई, त्यांच्यापुढे उघडी फाइल. पहिल्या रांगेत मधोमध आई, चष्मा लावून, पर्स मांडीवर घट्ट धरून. गोष्टवाली बोलायला लागली. पडदा तिच्या पाठीमागे होता, तो तिला दिसत नव्हता. दिसत होती ती पहिली रांग. मागचे लोक हसले की ही रांग एका श्वासाने उशिरा हसायची. आईचे डोळे तिच्या डोक्यावरून, ओळीबरोबर डावीकडून उजवीकडे सरकत होते.

"...धाकटा स्टुलावर चढला आणि हाका मारायला लागला. पाच-सहा वेळा मारल्या. आईला ऐकू आलं नाही."

इथे ती थांबली. तोंड उघडंच होतं. डॉक्टरबाईंनी पेन टेकवलं होतं. कडेला मॅडम हात जोडल्यासारख्या उभ्या. प्रेसवाल्या मावशी पुढे वाकून पडद्याकडे बघत होत्या, आठ वर्षांत पहिल्यांदा त्यांना सभेतलं काही तरी कळत होतं. हे वाक्य आता बोललं, तर पुढे बसलेल्या या पंचवीस बायकांची मागणी माझ्या नकाशापायी बुडणार. मशीनचा दोष नाही, घरात मोठी मुलगी होती की, असं उद्या कारखान्यांचा वकील म्हणणार. हे तिला एका क्षणात कळलं. आणि त्याच्या आड एक दुसरी गोष्टही होती, तीही तिला कळत होती. ती घाबरली होती.

"मग पातेलं पडलं," ती म्हणाली.

आईचे डोळे ओळीच्या शेवटी पोचले. चेहऱ्यावर काही हललं नाही. तिने फक्त एकदा मान डोलावली, लाइटबिल तपासून बरोबर आहे म्हणावं तशी. फोटोवाला बिचारा वाट बघून बघून कंटाळला.

मग डॉक्टरबाईंनी माइक मागितला. "मला त्यांच्या आईंना एक विचारायचंय. बाई, त्या दिवशी तुम्हाला खरंच काहीच ऐकू आलं नव्हतं?" प्रश्न पडद्यावर उमटला. आईने तो वाचला. परत एकदा वाचला असावा, कारण फार वेळ गेला. मग तिने पडद्यावरची नजर खाली आणून लेकीकडे पाहिलं आणि उभी राहिली.

"नाही!" माइकची गरजच नव्हती. "काही म्हणजे काही नाही! पातेलं पडलं तेही नाही कळलं!"

सभागृह उठून उभं राहिलं. मॅडम रडत होत्या. प्रेसवाल्या मावशी दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवत होत्या, शेजारणीकडे न बघता. डॉक्टरबाईंनी फाइलमध्ये काही तरी लिहिलं आणि त्याखाली रेघ ओढली.

बाहेर व्हरांड्यात चहा होता आणि ही गर्दी. डॉक्टरबाईंनी जाता जाता सांगितलं, शिफारस नक्की. मॅडमनी तिथल्या तिथे पर्समधून ते पत्र काढलं, सही करून आणलेलंच होतं. मग त्या आईसमोर जाऊन, ओठ भलतेच मोठे करत, एकेक शब्द सुटा करून म्हणाल्या, "आता, तुम्ही, दोघींनी, मिळून, बोलायचं. सगळीकडे! आई आणि मुलगी. एका व्यासपीठावर!"

"येईन की!" आई म्हणाली. आजूबाजूचे दहा जण वळून हसले.

मॅडम दुसऱ्या कोणाला तरी भेटायला वळल्या. गोष्टवालीच्या एका हातात पत्र, दुसऱ्या हातात चहा, आणि समोर आई. आता नाही तर कधीच नाही, असं तिला वाटलं. भोवती माणसं खेटून उभी होती. पण आईशी बोलायला आवाज लागत नव्हता, नुसते ओठ पुरत होते. तिने आवाज न काढता ओठ हलवले.

"आई, मला ऐकू आलं होतं. मी बाहेरच्या खोलीत होते. मी उठले नाही."

आई तिच्या ओठांकडे बघत राहिली. चहा देणारा कप घेऊन आला, आईने त्याला हातानेच नको म्हटलं. मग तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. आणि आईचे ओठ हलले. आवाज आला नाही. मुलगी आईच्या तोंडाकडे नुसती बघत राहिली. आईचं बोलणं डोळ्यांनी ऐकायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती. तिने मान हलवली, कळलं नाही म्हणून. आईने सावकाश, एकेक शब्द जुळवत, परत सांगितलं.

"मलाही आलं होतं. तेव्हा येत होतं. मला वाटलं, तू आहेस तिथे."

गोष्टवालीच्या हातातला चहा पत्रावर सांडला. तिला एकदम हलकं वाटलं, लहानपणी आईच्या कुशीत शिरल्यावर वाटायचं तसं. पण ते क्षणभरच. फाइल, पहिलं पान, डॉक्टरबाईंनी ओढलेली रेघ, पंचवीस बायका, सगळं एकामागोमाग एक तिच्या डोळ्यांसमोर येऊन उभं राहिलं. आज सकाळपर्यंत तिच्यापाशी सांगण्यासारखं एक वाक्य तरी होतं. आता ते सांगायचं तर आईचंही सांगावं लागणार होतं, आणि आईने तर पंचवीस जणींसमोर उभं राहून काही म्हणजे काही नाही म्हटलं होतं. ते तिने कोणासाठी म्हटलं, हे विचारायची गरज नव्हती.

आईने पर्समधून रुमाल काढला आणि लेकीच्या पत्रावरचा चहा टिपून घेतला. अक्षरं फुटू नयेत म्हणून दाबून, न घासता. मग नेहमीच्या आवाजात, अख्ख्या व्हरांड्याला कळेल असं विचारलं, "पुढची सभा कधी गं?"

लोक पुन्हा हसले. कोणी तरी म्हणालं, काय उत्साह आहे बघा या वयात.

"बुधवारी," गोष्टवाली म्हणाली, आणि आईला नीट दिसावं म्हणून परत एकदा म्हणाली.